लाखेच्या सीलमागचं नाटक: युजीन ओनीलची अट आणि कार्लोटाचा निर्णय

२९ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत एक सीलबंद पाकीट जमा झालं. आत एका नाटकाची टंकलिखित संहिता होती, वर लाल लाखेचं सील आणि सोबत लेखी करार. लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षं हे नाटक छापायचं नाही आणि त्याचा प्रयोग कधीच करायचा नाही. लेखक होता युजीन ओनील, नोबेल मिळालेला एकमेव अमेरिकन नाटककार. संस्थेचा प्रमुख बेनेट सर्फ याने पाकीट तिजोरीत ठेवलं आणि विषय तिथे संपला.

ओनील गेला २७ नोव्हेंबर १९५३ ला. म्हणजे करारानुसार नाटक वाचायला मिळायला हवं होतं १९७८ च्या अखेरीस आणि रंगमंचावर यायला नको होतं कधीच. घडलं असं की १० फेब्रुवारी १९५६ रोजी, लेखकाला जाऊन सव्वादोन वर्षं होतात न होतात तोच, स्टॉकहोममध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. त्याच महिन्यात येल विद्यापीठाच्या प्रकाशनाने पुस्तक काढलं. नोव्हेंबरात ब्रॉडवे आणि पुढच्या वर्षी पुलित्झर. ते नाटक म्हणजे ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’. अमेरिकन रंगभूमीवरचं सर्वश्रेष्ठ नाटक कुठलं, या वादात त्याचं नाव आल्याशिवाय राहत नाही.

अट मोडली ती ओनीलची बायको कार्लोटा मॉन्टेरे हिने. तिने बरोबर केलं की विश्वासघात केला, यावर सत्तर वर्षं मतं दिली जात आहेत. माझ्या मते या भांडणात मूळ अट नीट वाचलीच जात नाही. तिचे दोन भाग आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या कारणांनी आलेले आहेत.

घर

आधी नाटकात काय आहे ते पाहू. १९१२ च्या ऑगस्टमधला एक दिवस, सकाळी साडेआठपासून मध्यरात्रीपर्यंत. समुद्राकाठचं उन्हाळी घर, त्यात टायरोन कुटुंबातले चौघे. बाप एकेकाळचा गाजलेला नट, पैशाला चिकट. आई मॉर्फिनच्या आहारी गेलेली, नुकतीच बरी होऊन घरी आलेली आणि त्याच दिवशी पुन्हा घसरणारी. थोरला मुलगा जेमी दारुडा. धाकटा एडमंड क्षयाने आजारी.

नावं बदलली की झाले हे ओनीलच्याच घरचे लोक. बाप जेम्स ओनील याने ‘मॉन्टे क्रिस्टो’मधली एकच भूमिका जन्मभर केली. प्रयोगांची संख्या सहा हजारांच्या घरात गेली असं सांगतात. नाटकाचे हक्क त्याने स्वतःच विकत घेतले होते, त्यामुळे पैसा धो धो आला आणि नट तिथेच संपला. प्रयोगांच्या शतकांवर नटाची उंची मोजायची आपल्याकडची सवय आठवली की या माणसाची शोकांतिका जरा जास्तच टोचते. आई एला. युजीनच्या जन्मानंतर डॉक्टरने तिला मॉर्फिन दिलं आणि ते सुटेना. बापाने स्वस्तातला डॉक्टर गाठला म्हणून हे झालं, असं घरातल्या प्रत्येकाला वाटत असे. हे बाळंतपण झालं न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, १६ ऑक्टोबर १८८८ ला. बाप दौऱ्यावरचा नट, त्यामुळे घर म्हणावं असं एकच: कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनची ‘मॉन्टे क्रिस्टो कॉटेज’. नाटक घडतं ते तिथेच.

ओनीलने किती खरं लिहिलं आणि किती फिरवलं, हे दोन ठिकाणी फार स्पष्ट दिसतं. त्याच्या आधी जन्मलेला एक भाऊ तान्हेपणी गोवराने गेला होता. त्याचं नाव एडमंड. नाटकात ओनीलने स्वतःच्या पात्राला एडमंड हे नाव दिलं आणि मेलेल्या बाळाचं नाव ठेवलं युजीन. आपल्याच घराच्या नाटकात आपण मेलेल्या पोराच्या जागी जाऊन बसायचं, यावर आणखी काही बोलायची गरज नाही.

दुसरी जागा लपवाछपवीची आहे. १९१२ मध्ये खरा युजीन एका मुलाचा बाप होता आणि त्याच वर्षी पहिल्या बायकोपासून त्याचा घटस्फोट झाला. नाटकातल्या एडमंडला बायको नाही, मूल नाही. आईबापांचं आणि भावाचं सगळं चव्हाट्यावर आणणाऱ्या लेखकाने स्वतःचं एवढं मात्र झाकून ठेवलं. आणि आईच्या बाबतीत तर जास्तच. खरी एला १९१४ मध्ये व्यसनातून बाहेर आली आणि १९२२ मध्ये मरेपर्यंत पुन्हा त्यात गेली नाही. नाटकातली मेरी मात्र त्या रात्रीतून कधीच बाहेर येत नाही. अट मोडल्याने ओनीलवर अन्याय झाला असं म्हणणाऱ्यांनी एलाचाही विचार करायला हरकत नाही. तिची संमती कोणीच विचारली नव्हती.

लिहिणं आणि सील

ओनीलने हे नाटक १९३९ ते १९४१ या काळात कॅलिफोर्नियात डॅनव्हिलजवळच्या ‘टाओ हाउस’ नावाच्या घरात लिहिलं. त्याचे हात कापत. पुढे ते इतकं वाढलं की १९४३ नंतर त्याच्याकडून लिहिणं झालंच नाही. लोक त्याला पार्किन्सन समजत. शवविच्छेदनात मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी झिजल्याचं आढळलं, म्हणजे रोग वेगळाच होता. तोंडी सांगून लिहून घेणं त्याला जमत नसे, टाइपरायटरवर सुचत नसे. पेन्सिलीने तो इतकं बारीक लिही की कार्लोटा भिंग घेऊन ते अक्षर लावायची आणि टंकून काढायची. दिवसभराचं लिहून तो खोलीबाहेर यायचा तेव्हा डोळे रडून लाल झालेले असायचे, असं तिने पुढे मुलाखतीत सांगितलं. २२ जुलै १९४१ ला, लग्नाच्या बाराव्या वाढदिवशी, त्याने हस्तलिखित तिलाच अर्पण केलं. जुन्या दुःखाचं, अश्रूंनी आणि रक्ताने लिहिलेलं नाटक, असे शब्द त्या अर्पणपत्रिकेत आहेत.

मग सील कशासाठी? सोपं उत्तर: घराण्याची अब्रू. पण १९४५ मध्ये अब्रू जाणार कोणाची होती? बाप १९२० मध्ये गेला, आई १९२२ मध्ये, जेमी १९२३ मध्ये. चौघांतला उरला होता एकटा लेखक. तरी मी अब्रूचं कारण उडवून लावत नाही. न्यू लंडनसारख्या छोट्या गावात माणसं विसरत नाहीत आणि आपल्या डोळ्यांदेखत हे बाहेर येऊ नये असं कोणालाही वाटेल. पंचवीस वर्षांची मुदत त्या कारणात बरोबर बसते. तेवढ्या वर्षांत ओळखणारे संपतात.

‘प्रयोग कधीच नाही’ हे मात्र त्यात बसत नाही. १९७८ मध्ये पुस्तक छापून झाल्यावर घरातलं गुपित गुपित राहणारच नव्हतं. मग रंगमंचाला कायमची बंदी कशाला? माझं मत असं की ही बंदी अब्रूसाठी नव्हतीच. ओनीलचा नाटकवाल्यांवर विश्वास नव्हता, ती त्यातून आली. तो नटाच्या पोटी जन्मला, विंगेत वाढला आणि एकच टाळीचं वाक्य वर्षानुवर्षं फेकणारा बाप त्याने रोज पाहिला. स्वतःच्या नाटकांच्या तालमींना तो बसे, प्रयोगांना सहसा जात नसे. त्याच्या संहितांमधल्या रंगसूचना वाचल्या तरी कळतं. नटाने कुठल्या शब्दावर कसं पाहायचं, आवाज कुठे ओला आणि कुठे कोरडा, सगळं तो लिहून ठेवतो. नटावर काही सोडायची त्याची तयारीच नाही.

करारानंतरच्या दोन वर्षांत हा अविश्वास कमी व्हायचं काही कारण घडलं नाही. ऑक्टोबर १९४६ मध्ये ‘द आइसमन कमेथ’ ब्रॉडवेवर आलं, १३६ प्रयोग झाले, लोकांनी आदराने पाहिलं आणि कंटाळले. फेब्रुवारी १९४७ मध्ये जेमीवरचं ‘अ मून फॉर द मिसबिगॉटन’ ओहायोतल्या कोलंबसला सुरू झालं. डेट्रॉइटमध्ये पोलिसांनी अश्लील म्हणून अडवलं आणि ब्रॉडवेचं तोंडही न बघता सेंट लुइसला गाडी थांबली. त्यानंतर ओनीलच्या हयातीत त्याचं एकही नवं नाटक रंगमंचावर आलं नाही.

शेवटची वर्षं

१९५० च्या सप्टेंबरात ओनीलचा थोरला मुलगा, बापाच्याच नावाचा म्हणून ‘युजीन धाकटा’, येलमध्ये शिकलेला अभिजात भाषांचा अभ्यासक, याने आत्महत्या केली. दुसरा मुलगा शेन हेरॉइनच्या नादी लागलेला. मुलगी ऊना हिने १९४३ मध्ये अठराव्या वर्षी चार्ली चॅप्लिनशी लग्न केलं, तेव्हापासून बापाने तिचं नाव टाकलेलं. फेब्रुवारी १९५१ मध्ये मार्बलहेडच्या घरी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं. ओनील रात्री बाहेर पडला, बर्फात पडून त्याचा पाय मोडला. दोघं वेगवेगळ्या रुग्णालयांत. मित्रांना वाटलं, आता हे मोडलं. मे महिन्यात तो पुन्हा तिच्याकडेच गेला आणि दोघं बॉस्टनच्या शेल्टन हॉटेलात राहू लागले. मृत्युपत्रात त्याने शेन आणि ऊनाला वगळलं. सगळं लेखन, सगळे हक्क कार्लोटाच्या हातात दिले.

याच हॉटेलात त्याने आणखी एक काम उरकलं. अमेरिकेतल्या एका घराण्याच्या अनेक पिढ्यांवर अकरा नाटकांची मालिका लिहायचा त्याचा बेत होता. त्यातली अर्धवट नाटकं दुसऱ्या कोणी पूर्ण करू नयेत म्हणून दोघांनी मिळून फाडली आणि जाळली. त्याचे हात इतके कापत की एका वेळी थोडीच पानं फाटायची, बाकीची तिने फाडली.

हे लक्षात ठेवायला हवं, कारण नष्ट करायचं ठरवलं की ओनील नष्ट करायचा. १९२० मध्येही त्याने ‘एक्झॉर्सिझम’ या एकांकिकेच्या मिळतील तेवढ्या प्रती गोळा करून संपवल्या होत्या. (एक प्रत निसटली. ती २०११ मध्ये उजेडात आली.) ‘लाँग डेज जर्नी’ त्याने जाळलं नाही. तिजोरीत ठेवलं.

कार्लोटाची चाल

नवरा गेल्यावर कार्लोटाने रँडम हाउसला सांगितलं, नाटक छापा. सर्फने नकार दिला. लेखकाचा शब्द लेखी होता, नुसता १९४५ चा करारच नव्हे, जून १९५१ मध्ये ओनीलने स्वतः सर्फला पत्रातून तेच पुन्हा कळवलं होतं: मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी छपाई, प्रयोग कधीच नाही. सर्फने वकिलांना विचारलं आणि उत्तर ऐकून हादरला. कायद्याने सगळे पत्ते बाईंच्या हातात होते. हक्क त्यांचे, संहिता त्यांची, त्यांना नको असेल तर करार टिकत नाही. रँडम हाउसने संहिता परत केली. पुढे नाटकाचं सोनं झालं, ते दुसऱ्याच्या पदरात पडलं, तरी आपण घेतलेली भूमिका योग्यच होती असं सर्फ शेवटपर्यंत म्हणत राहिला. धंद्यातल्या माणसाने एवढं केलं, त्याला दाद द्यायलाच हवी.

कार्लोटाने दोन कारणं दिली. एक, पंचवीस वर्षांची अट युजीन धाकट्याच्या सांगण्यावरून घातली होती, तो गेल्यावर अटही गेली. हे कारण मला पटत नाही. मुलगा गेला १९५० मध्ये आणि अट पुन्हा कळवणारं पत्र त्यानंतर नऊ महिन्यांनी लिहिलेलं आहे. दुसरं, मरण्याआधी ओनीलने स्टॉकहोमच्या राजेशाही नाट्यगृहाला, ड्रामाटेनला, हे नाटक द्यावं असं तिला सांगितलं होतं. याला साक्षीदार ती एकटीच. पण हे मला अगदीच अशक्य वाटत नाही. अमेरिकेत ओनीलचं नाव मागे पडत होतं तेव्हाही ड्रामाटेन त्याची नाटकं नेमाने करत होतं. स्वतः ओनीलने नोबेलच्या भाषणात आपण स्वीडनचा नाटककार स्ट्रिंडबर्ग याचे ऋणी आहोत हे मोकळेपणाने सांगितलं होतं. ब्रॉडवेवर विश्वास नसलेल्या माणसाचा कुठल्या नाट्यगृहावर थोडाफार विश्वास असेलच, तर तो इथे.

पैशासाठी केलं, हा आरोप मात्र टिकत नाही. स्टॉकहोमकडून तिने मानधन घेतलं नाही. पुस्तकाचे हक्क तिने येलला दिले, तेही उत्पन्न ओनीलच्या कागदपत्रांच्या संग्रहासाठी, नाट्यविषयक पुस्तकांसाठी आणि तिथल्या नाट्यविभागातल्या शिष्यवृत्त्यांसाठी वापरायच्या अटीवर. ते पुस्तक येल प्रकाशनाच्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत जाऊन बसलं.

मग तिने हे का केलं? मला वाटतं, तिला नवरा परत उभा करायचा होता, तोही स्वतःच्या हयातीत. ती वारली नोव्हेंबर १९७० मध्ये. शब्द पाळला असता तर आपल्यालाच अर्पण केलेलं हे नाटक छापलेलं तिने कधी पाहिलंच नसतं. यात तिचा अहंकार होता हे उघड आहे. अर्पणपत्रिका पहिल्याच पानावर छापलेली आहे.

रंगमंचावर

स्टॉकहोममध्ये बेंग्ट एकेरोट या दिग्दर्शकाने संहितेला कात्री न लावता नाटक केलं. साडेचार तासांच्या आसपासचा प्रयोग. लार्स हान्सन बाप, इंगा टिडब्लाड आई, उल्फ पाल्मे जेमी, यार्ल कुले एडमंड. जगभरचे समीक्षक तिथे धावले. न्यूयॉर्कसाठी कार्लोटाने नावाजलेल्या निर्मात्यांना बाजूला ठेवून होसे किंतेरो या तरुण दिग्दर्शकाला निवडलं. त्याने त्याच वर्षी मे महिन्यात, ब्रॉडवेबाहेरच्या एका लहान नाट्यगृहात, ‘आइसमन’ पुन्हा उभं करून दाखवलं होतं. त्यातला जेसन रोबार्ड्स इथे जेमी झाला. फ्रेडरिक मार्च आणि त्याची पत्नी फ्लॉरेन्स एल्ड्रिज हे आईबाप. ७ नोव्हेंबर १९५६ ला पडदा वर गेला, ३९० प्रयोग झाले. ओनीलला चौथं पुलित्झर मिळालं ते मरणोत्तर.

ओनीलचा नटांवरचा अविश्वास चुकीचा होता, हे दाखवायला चौथ्या अंकातला एक प्रसंग पुरेसा आहे. मध्यरात्र. बाप आणि एडमंड दारू पीत बसलेत. वीज वाया जाते म्हणून बापाने दिवे बंद ठेवलेले. मुलगा चिकटपणावरून बोलतो, तसा बाप चिडून झुंबराचे तिन्ही दिवे लावतो. मग तो सांगू लागतो. तरुणपणी एडविन बूथ या त्या काळच्या मोठ्या नटासोबत शेक्सपिअर करत होतो. हा पोरगा ऑथेल्लो माझ्यापेक्षा चांगला करतो, असं बूथ म्हणाला. ते शब्द मी कागदावर लिहून घेतले, पाकिटात जपले. मग ते मॉन्टे क्रिस्टो मिळालं आणि पैशापायी सगळं गेलं. तो कागद आता कुठे आहे कोण जाणे. जन्मभराची खंत मुलासमोर ओतून झाली की त्याची नजर वर जाते. डोळ्यांवर उजेड येतोय, तुझी हरकत नाही ना, वीज कंपनीचं भलं कशाला करायचं, म्हणत तो उठतो आणि एकेक दिवा बंद करतो.

वाचताना ही रंगसूचना दीड ओळीची आहे. ती कृती करायला नट लागतो, साठी उलटलेल्या माणसाचे गुडघे लागतात आणि तीन वेळा वाजणारी कळ लागते. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता आवंढा गिळतो. ओनीलने हा प्रसंग कोणी करू नये असं ठरवलं आणि लिहिला मात्र असा की केल्याशिवाय तो पुरा होत नाही. नाटक जाळलं नाही, कादंबरी केली नाही, आठवणी म्हणून लिहिलं नाही. नाटकच लिहिलं. कार्लोटाने शब्द मोडला हे निर्विवाद, आणि तिने दिलेल्या दोन कारणांतलं पहिलं खरं नाही असंच मी धरून चालतो. तरी अटीचा दुसरा भाग, प्रयोगबंदीचा, मोडला जायलाच हवा होता असं माझं मत आहे. पहिल्या भागाबद्दल मी तिची वकिली करणार नाही. १९७८ पर्यंत थांबता आलं असतं.

माझी ही मांडणी दुसऱ्या एका हस्तलिखितापाशी मात्र लंगडी पडते. त्या फाडलेल्या मालिकेतल्या ‘मोअर स्टेटली मॅन्शन्स’चा एक खर्डा चुकून येलला पाठवलेल्या कागदांत गेला होता, म्हणून वाचला. त्यावर सूचना होती: अपुरं काम, मी मेलो तर नष्ट करा. ड्रामाटेनच्या कार्ल राग्नार गीरोवने कार्लोटाच्या परवानगीने तो लांबलचक खर्डा कापून प्रयोगाजोगा केला आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये स्टॉकहोमलाच त्याचा प्रयोग झाला. पुढे येलने छापलाही. इथे मुदत नव्हती, तिजोरी नव्हती आणि ‘नष्ट करा’चा दुसरा अर्थ लावायला जागाही नव्हती.